शुक्रवारचा केक विरुद्ध टोर्किल राउनहोल्ट

"आजपासून जे फ्रिस्टिनामध्ये नाही, ते या जगातच नाही!"

वकील टोर्किल राउनहोल्टने ही घोषणा फेब्रुवारीतल्या एका सोमवारी केली, तेव्हा जगात, म्हणजे स्वेनबोर्गच्या बंदरावरच्या त्या कार्यालयात, एकूण तीन माणसं होती. एक तो स्वतः, वय बासष्ट. दुसरी मारेन, वय एकोणतीस, नुकती वकील झालेली आणि अजून कायद्यावर विश्वास असलेली. आणि तिसरी बोदिल. बोदिल गेली सव्वीस वर्षं हे कार्यालय चालवत होती आणि ते टोर्किल चालवतो असं टोर्किलला वाटू देत होती.

फ्रिस्टिना ही कुणी बाई नव्हे. ते एक सॉफ्टवेअर. ब्राउझरमध्ये उघडायचं, त्यात सगळे दावे, सगळी कागदपत्रं, सगळ्या मुदती. कुठल्या दाव्यात कधी काय दाखल करायचं हे ती सांगणार, मसुदे करणार, न्यायालयाच्या पोर्टलवर पाठवणारसुद्धा तीच. वकिलानं फक्त सकाळी येऊन 'सर्व मंजूर' असं लिहिलेलं एक हिरवं बटण दाबायचं.

"पूर्वी रोज सकाळी टपाल वाचायला मला एक तास लागायचा," टोर्किल म्हणाला. "आता चार सेकंद!"

"वाचायला?" बोदिलने विचारलं.

"मंजूर करायला."

त्याच आठवड्यात त्याने बोदिलच्या फायली भंगारात दिल्या आणि प्रिंटर तिच्या भजनी मंडळाला, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाला, दान करून टाकला. बोदिल काही बोलली नाही. बोदिल काही बोलत नाही तेव्हा काळजी करावी, हे सव्वीस वर्षांत टोर्किलला कळायला हवं होतं. पण तो हिरव्या बटणाच्या प्रेमात आकंठ बुडालेला.

तिने फक्त एक प्रश्न विचारला. स्वयंपाकाच्या कोपऱ्यातल्या कपाटाच्या दारावर एक कागद होता. शुक्रवारी दुपारी दोन वाजता कॉफीबरोबर केक कुणी आणायचा, त्याच्या पाळ्या त्यावर लिहिलेल्या. केक घरी केलेला हवा, स्वतःच्या हाताने. विकतचा चालेल तो फक्त घरात कुणी वारलं तर. या कार्यालयात दंडविधानापेक्षा तो कागद जास्त पाळला जायचा.

"हेही फ्रिस्टिनात?" बोदिलने कागदावर बोट ठेवलं.

"हेही!" टोर्किल म्हणाला. "नियम म्हणजे नियम!"

एकदा तोंडातून गेलं ते गेलं. बोदिलने कागद खाली काढला, नीट घडी केली आणि कामाला लागली.

*

मार्च उजाडला. बाकी कामं नेहमीसारखीच चालू होती. त्यातलं महत्त्वाचं होतं एलिनोर मुंक यांच्या कुंपणाचं.

एलिनोरबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांच्या आणि शेजारच्या कॅप्टन होल्गर बिले यांच्या अंगणांमध्ये बीच झाडांचं दाट हिरवं कुंपण होतं. बाई आणि त्यांचे यजमान व्हिली या घरात राहायला आले त्या वर्षी दोघांनी मिळून ते लावलं होतं, त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. व्हिली चार वर्षांपूर्वी गेले. कुंपण राहिलं. बाई रोज सकाळी, हिवाळ्यातसुद्धा, खाडीच्या गार पाण्यात डुबकी मारून टॉवेल गुंडाळून घरी येतात आणि कुंपणाच्या आडोशाला बसून कॉफी पितात. "व्हिलीशी बोलते," असं त्यांनी टोर्किलला सांगितलं होतं, आणि मग घाईघाईने, "वेडी नाही हो मी!" असंही.

कॅप्टन बिले हे चौतीस वर्षं फेरीबोट चालवून निवृत्त झालेले. कुंपणामुळे त्यांना बाकावर बसून बोटी दिसत नाहीत. तेवढ्यावरून सुरुवात झाली. मग त्यांनी टेप घेऊन जमीन मोजली, तर कुंपण चाळीस सेंटिमीटर त्यांच्या हद्दीत! त्यांनी दावा लावला, कुंपण मुळासकट उपटा म्हणून. वकील लावला नाही. "बोट चालवली मी, दावा नाही चालवता येणार?" असं त्यांचं म्हणणं.

कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल करायची मुदत होती शुक्रवार, चौदा मार्च, दुपारी दोन. ती चुकली तर निकाल एकतर्फी. कुंपण उपटलं जाणार. टोर्किलने कैफियत जीव ओतून लिहिली होती. फ्रिस्टिनात तयार पडली होती. एलिनोरबाईंना त्याने शब्द दिला होता, "व्हिलीच्या झाडाचं एक पानसुद्धा हलणार नाही."

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता त्याने कॉफी घेतली, खुर्ची पुढे ओढली आणि हिरवं बटण शोधू लागला.

बटण नव्हतं. त्या जागी एक लाल पट्टी होती.

'टोर्किल राउनहोल्ट हे या कार्यालयाने चालवलेल्या एका दाव्यात प्रतिवादी आहेत. हितसंबंधांना बाधा येत असल्याने त्यांना सर्व दावे बंद करण्यात आले आहेत.'

"बोदिल!"

बोदिल आली. चष्मा लावून तिने पट्टी वाचली. "बरोबर आहे," ती म्हणाली.

"काय बरोबर आहे? माझ्यावर दावा कुणी लावला?"

"तू."

"मी?"

"मंजूर तू केलास. मी फक्त भरला होता." बोदिल शेजारी बसली आणि हवामान सांगावं तशा आवाजात सांगू लागली. "केकच्या पाळ्या भरायला गेले. फ्रिस्टिना म्हणाली, दाव्याचा प्रकार निवडा. केक असा प्रकार नाही. सगळ्यात जवळचा होता 'ठरलेली वस्तू न देणे'. तो निवडला. मग म्हणाली, प्रतिवादी कोण? ते रिकामं सोडता येत नाही. मी विचार केला, या तिघांत ठरलेला केक न आणणारं कोण?"

टोर्किलने मारेनकडे पाहिलं. मारेन खिडकीबाहेर पाहू लागली.

विचार करायची गरजच नव्हती. इतकी वर्षं टोर्किलच्या पाळीचा केक त्याची बायको गेर्दा करायची आणि बोदिल तेवढ्यापुरता काणाडोळा करायची. गेल्या नाताळात गेर्दाने जाहीर केलं होतं, की यापुढे जो वकील आहे त्यानेच भाजायचं. तेव्हापासून टोर्किलची पाळी आली की त्याची दाढ दुखायची.

"मागच्या शुक्रवारी तुझी पाळी चुकली," बोदिल म्हणाली. "सोमवारी फ्रिस्टिनाने पहिल्या नोटिशीचा मसुदा केला. तो तू मंजूर केलास."

"मी?"

"चार सेकंदांत. बुधवारी दुसरी नोटीस. तीही मंजूर. काल दावा तयार झाला, वादी क्रमांक एक बोदिल क्रागेलुंड, वादी क्रमांक दोन मारेन आबिल्डट्रुप. तोही मंजूर केलास. वर मला म्हणालास, 'आज कामाला काय वेग आलाय!'"

"तो दावा न्यायालयात गेला?" टोर्किल खुर्चीतून अर्धवट उठला.

"नाही. जायच्या आतच फ्रिस्टिनाच्या लक्षात आलं, की वादीचा वकील आणि प्रतिवादी एकच माणूस आहे. म्हणून तर तुला बंद केलं. हुशार आहे."

"मारेन! तू उघड! कैफियत तू पाठव!"

मारेनने आपला पडदा वळवून दाखवला. तिथेही लाल पट्टी होती. मारेन स्वतःच्या वरिष्ठावर दावा लावून बसली होती, तेव्हा तिलाही सर्व दावे बंद! बोदिल वकील नव्हती, तिला पाहता येत होतं, पाठवता येत नव्हतं. कैफियत काचेआड ठेवलेल्या मिठाईसारखी समोर दिसत होती.

"छापून काढू!" टोर्किल ओरडला.

"प्रिंटर चर्चमध्ये आहे," बोदिल म्हणाली. "आणि न्यायालय कागद घेत नाही. फक्त पोर्टल. तूच म्हणाला होतास ना, प्रगती!"

*

फ्रिस्टिनाच्या मदतकेंद्रात कोपनहेगनचा यानिक नावाचा एक शांत माणूस होता. इतका शांत, की टोर्किलला त्याचा गळा धरावासा वाटला.

"हा दावा खोडून टाका," टोर्किल म्हणाला.

"चालू दावा खोडता येत नाही. वकिलांनी पुरावे नाहीसे करू नयेत म्हणून तशी सोय आहे."

"अहो, केकचा दावा आहे!"

"विषय आम्ही बघत नाही. दावा दोनच प्रकारे संपतो. निकाल किंवा तडजोड."

"तडजोड करतो! आत्ता!"

"उत्तम. मग ठरलेली वस्तू द्यायची, तिचा फोटो चढवायचा, आणि सर्व वादींनी ती स्वीकारल्याची खूण करायची. बंदी आपोआप उठते."

टोर्किलने घड्याळ पाहिलं. साडेदहा.

"बोदिल, तुम्ही दोघी आत्ताच खूण करून टाका. केक मी नंतर आणतो."

बोदिलने त्याच्याकडे अशी नजर टाकली, की त्याला आपली वकिलीची शपथ आठवली. "न मिळालेली वस्तू मिळाली म्हणून लिहू? खोटं? मुदतीच्या कागदावर?"

"मग कोपऱ्यावरच्या बेकरीतून..."

"तुझ्या घरात कुणी वारलंय?"

"अजून नाही!" असं म्हणून टोर्किलने कोट उचलला.

*

गेर्दा स्वयंपाकघरात वर्तमानपत्र वाचत बसली होती. टोर्किल धापा टाकत आला आणि त्याने सगळी हकीकत सांगितली. गेर्दाने पान उलटलं.

"मग कर की."

"गेर्दा, दोन वाजता एका म्हातारीचं कुंपण उपटलं जाणार आहे!"

"मग लवकर कर की."

"तू फक्त हात लावलास तरी..."

"स्वतःच्या हाताने, असं लिहिलंय ना? मी वाचून दाखवते. कृती वाचायला बंदी नसेल."

ठरलं ब्रुन्सविअर करायचं. या फ्यून बेटावर जन्मलेल्या माणसाला दुसरं काही सुचतही नाही. यीस्टची मऊ कणीक पसरायची, अंगठ्याने तिच्यात खळगे करायचे, वर लोणी आणि तपकिरी साखरेचं पाणी ओतायचं, भट्टीत घालायचं. इथली पोरं वाढदिवसाला हेच खातात. टोर्किलने ते बासष्ट वर्षं खाल्लं होतं आणि ते झाडाला लागतं अशा समजुतीत असल्यासारखा तो आता पिठाच्या पिशवीकडे पाहत होता.

"दूध कोमट कर," गेर्दाने वाचलं.

"कोमट म्हणजे किती?"

"बाळाला आंघोळ घालतोस तितकं."

"मी कधी घातली बाळाला आंघोळ?"

"तेच म्हणते मी," गेर्दा म्हणाली आणि तिने पुढची ओळ वाचली.

कणीक मळताना टोर्किलने कपाळ पुसलं, नाक खाजवलं आणि एकदा फोनही घेतला. तिन्ही ठिकाणी कणीक लागली. फोन एलिनोरबाईंचा होता.

"त्रास देत नाही ना? आज दोन वाजता म्हणाला होतात, म्हणून जरा..." बाईंचा आवाज लहान झाला होता. "सकाळी कुंपणापाशी बसले होते. म्हटलं, उद्या बसता येईल की नाही कोण जाणे."

टोर्किलला गलबलून आलं. तीस वर्षांत शेकडो लोकांचे दावे त्याने चालवले होते, पण एखाद्या माणसाची सकाळच आपल्या हातात आहे, आणि तो हात कोपरापर्यंत कणकेत आहे, अशी वेळ आली नव्हती.

"सगळं तयार आहे, एलिनोरबाई," तो म्हणाला. "फक्त भाजायचं बाकी आहे."

"काय?"

"पाठवायचं! पाठवायचं बाकी आहे!"

कणीक फुगायला एक वाजत आला. गेर्दा म्हणाली, "आता दोनशे अंशांवर वीस मिनिटं." वीस मिनिटं टोर्किलकडे नव्हती. त्याने हिशेब केला, की दोनशे अंशांना वीस तर तीनशे अंशांना तेरा पुरतील. कायद्यात असा हिशेब चालतो. त्याने भट्टीचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि तेवढ्यात फोटो कसा चढवायचा हे विचारायला यानिकला फोन लावला. 'रांगेत तुमचा पहिला क्रमांक आहे,' असं एक गोड आवाज त्याला दहा मिनिटं सांगत राहिला.

"टोर्किल," गेर्दा वर्तमानपत्रामागून म्हणाली, "कृतीत धुराचा उल्लेख नाही."

*

एक वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी टोर्किल कार्यालयात पोचला. नाकावर कणीक, हातात ताट. ताटात जे होतं ते काळं होतं. खळगे होते, कडा होत्या, मध्ये कुठेकुठे तपकिरी पापुद्रे वर आले होते. त्याने ते खिडकीत उजेडाला ठेवलं आणि जवळून फोटो काढला. मागे अंगणातलं गवत धूसर हिरवं दिसत होतं. फोटो चढला.

"आता खूण करा!"

"चव घेतल्याशिवाय?" बोदिलने सुरी घेतली. सुरी आत जाईना. तिने दुसरी घेतली. मारेनने एक तुकडा तोंडात टाकला आणि ती बराच वेळ चावत राहिली.

"आतून कच्चं आहे," अखेर ती म्हणाली. "बाहेरून... बाहेरून नाही."

"एक पन्नास झाले!" टोर्किल रडकुंडीला आला. "बोदिल, व्हिलीचं कुंपण आहे ते!"

बोदिलने त्याच्याकडे पाहिलं. कणीक लागलेल्या नाकाकडे, भाजलेल्या अंगठ्याकडे. सव्वीस वर्षांत या माणसाने स्वतःच्या हाताने तिच्यासाठी केलेली ही पहिली गोष्ट होती. ती खुर्चीवर बसली आणि तिने पर्याय वाचले. 'स्वीकारले.' 'हक्क राखून स्वीकारले.' 'नाकारले.'

तिने मधल्यावर खूण केली. शेवटी इतकी वर्षं वकिलाकडे नोकरी केलेली बाई! मारेननेही तेच केलं.

लाल पट्टी गेली. हिरवं बटण आलं. टोर्किलने ते दोन्ही अंगठ्यांनी दाबलं.

'कैफियत दाखल झाली. वेळ १३.५८.'

तिघंही ओरडली. टोर्किलने एलिनोरबाईंना फोन करून सांगितलं, आणि मग तिघं कॉफी प्यायली. केक कुणी पुन्हा मागितला नाही.

*

सोमवारी सकाळी आठला फोन वाजला. बोदिलने उचलला, ऐकला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा करून टेबलावर ठेवला.

"वकील आहेत का तिथे?" आवाज फेरीबोटीच्या भोंग्यासारखा होता. कॅप्टन बिले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते दूर आल्बोर्गला मुलीकडे राहायला गेले होते. "दावा मागे घेतलाय मी! आत्ताच, स्वतः बटण दाबून! बाई बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत," टोर्किल गोंधळून म्हणाला. "का?"

"का म्हणून काय विचारता! निशाणी सात पाहिली मी! मुलीच्या टॅबलेटवर! तीन दिवस घास गिळवत नाहीये. उपटा म्हटलं होतं मी, जाळा नव्हतं म्हटलं! व्हिलीने लावलेलं कुंपण! लावताना खड्डे खणायला मीही होतो हो! आणि बाईंनी स्वतःच्या हातांनी... माझ्या हट्टापायी..." भोंगा चिरकला.

टोर्किलने कैफियत उघडली. शेवटी निशाण्यांची, म्हणजे सोबत जोडलेल्या पुराव्यांची, यादी होती. 'निशाणी सात: कुंपणाची आजची स्थिती, छायाचित्र.' ती जागा त्याने कुंपणाच्या फोटोसाठी रिकामी ठेवली होती आणि मग विसरला होता. फ्रिस्टिना विसरली नव्हती. तिने सर्वांत ताजा फोटो उचलून तिथे लावला होता. जळकी ढेकळं, कोळशाच्या कडा, करपलेली पानं वाटावीत असे पापुद्रे, आणि मागे धूसर हिरवं गवत.

दावा मागे घेतला गेला होता. नुसतं 'हो, वाईट झालं खरं' म्हणायचं आणि फोन ठेवायचा. कॅप्टन महिनाभर येणार नव्हते. टोर्किलने मान वर केली. बोदिल काही बोलत नव्हती.

"कॅप्टन," टोर्किल म्हणाला, "ते कुंपण नाही. कुंपणाला काही झालेलं नाही. तो केक आहे."

"कसला केक?"

"ब्रुन्सविअर."

पलीकडे कॅप्टननी मुलीकडून टॅबलेट पुन्हा मागून घेतला.

"कुणी केला?"

"मी."

"तुम्ही जन्माने इथलेच ना? फ्यूनचे?"

"हो."

"आणि ब्रुन्सविअर असं?" कॅप्टननी घसा खाकरला. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "उभं आहे म्हणता? सगळं?"

"पानही हललेलं नाही. तुम्हाला दावा पुन्हा लावता येईल. तसा तुमचा हक्क आहे."

"हक्क घाला चुलीत. नाही, चुलीत नको, तुम्ही खरंच घालाल." कॅप्टननी नाक शिंकरल्याचा आवाज आला. "तीन दिवस त्या कुंपणाशिवाय राहून पाहिलं मी. नको. बाईंना म्हणावं, माझ्या बाकासमोर एक खिडकीएवढी जागा छाटा. बोटी दिसल्या म्हणजे झालं. आणि त्या पाण्यातून येतात तेव्हा मी डोळे मिटतो, नेहमीच मिटत आलोय, हेही सांगा. नको, ते सांगू नका."

फोन बंद झाला. टोर्किलने डोळे पुसले. पडद्याकडे फार वेळ पाहिलं की असं होतं, असं त्याने मारेनला सांगितलं.

त्याने एलिनोरबाईंचा दावा बंद केला. फ्रिस्टिनाने अभिनंदन केलं आणि विचारलं, की कोणता कागद निर्णायक ठरला? टोर्किल आज प्रामाणिकपणाच्या लाटेवर होता. त्याने निशाणी सातवर खूण केली. खाली आणखी चार ओळी आल्या, त्यांच्याखाली हिरवं बटण. छातीत नुसता आनंद दाटला होता. त्याने दाबलं.

बोदिल त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होती.

"काय मंजूर केलंस ते वाचलंस?"

"नाही. काय केलं?"

"'निर्णायक कागद सारख्या विषयाच्या सर्व चालू दाव्यांत जोडावा.'" तिने चष्मा काढून पुसला. "कुंपणाचे अकरा दावे आहेत आपल्याकडे. अकराच्या अकरा शेजाऱ्यांना आत्ता तुझं ब्रुन्सविअर गेलं. आणि दुसरी ओळ होती केकची. आम्ही हक्क राखला होता ना? येत्या शुक्रवारी दोन वाजता तू पुन्हा करून आणायचास. तेही मंजूर झालंय."

टेबलावरचा फोन वाजू लागला. मारेनचाही वाजू लागला.

टोर्किलने दोन्ही फोनांकडे पाहिलं आणि खुंटीवरून कोट काढला.

"फोन तुम्ही घ्या," तो म्हणाला. "मी यीस्ट घेऊन येतो."